वाढवून मिळालेली वर्षे

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी साक्रिस्तीत वस्त्रे उतरवीत होतो. एक तरुण जोडपे दारात येऊन उभे राहिले. मुलीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेले बाळ होते आणि मागे मुलाची आई उभी होती. स्नानसंस्काराची तारीख ठरवायला आले असतील, असे समजून मी वहीकडे हात नेला. पण त्या तरुणाने पिशवीतून इस्पितळाचे कागद काढले आणि उभ्याउभ्याच म्हणाला, ‘‘फादर, डॉक्टर सांगतात ऑपरेशन करा. आणि तेच डॉक्टर सांगतात, ऑपरेशन केलं तरी बाळ कायमचं बरं होईलच असं नाही. मग त्या एवढ्याशा जिवाला कापायचं कशाला? आणि नाही केलं, तर आमच्या माथी पाप येईल का?’’

बाळ सात आठवड्यांचे होते. मुलगी होती. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसत होता. कागदांवर आजाराचे नाव लिहिले होते : बिलिअरी अट्रेसिया.

त्या दिवशी मी त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते, हे मला आज प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात शिकलेली तत्त्वे मला पाठ होती. परंतु तत्त्व पाठ असणे वेगळे आणि दुपट्यातील बाळाकडे पाहत ते उच्चारणे वेगळे. त्यानंतर मी या विषयावर पुष्कळ वाचले, डॉक्टरांना विचारले, आणि अशा घरांतून जाऊन बसलो. त्यातून जे उमगले ते वाचकांसमोर ठेवीत आहे. हा आजार क्वचित होणारा असला, तरी त्याने उभा केलेला प्रश्न प्रत्येक कुटुंबाचा आहे.

प्रथम आजाराविषयी. आपल्या यकृतात पित्त तयार होते आणि ते बारीक नलिकांवाटे आतड्यात उतरते. विष्ठेला जो पिवळा किंवा तपकिरी रंग असतो तो या पित्तामुळेच. बिलिअरी अट्रेसियामध्ये जन्माच्या सुमारास यकृताबाहेरील पित्तनलिका सुजतात, आक्रसतात आणि बुजून जातात. पित्ताला वाट उरत नाही. ते यकृतातच साचते आणि यकृताची हानी करू लागते. काही महिन्यांतच मऊ यकृत दगडासारखे निबर होते. युरोप-अमेरिकेत दर पंधरा ते वीस हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला हा आजार होतो. तैवानसारख्या पूर्वेकडील देशांत त्याहून अधिक. उपचार न मिळाल्यास बहुतेक बाळे दुसरा वाढदिवस पाहू शकत नाहीत.

हा आजार का होतो, याचे निश्चित कारण वैद्यकशास्त्राला अजून गवसलेले नाही. पण तो आईच्या खाण्यापिण्यातून येत नाही, ग्रहणातून येत नाही, आणि कुणाच्या पापातून तर नाहीच नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि दृष्टी पुढे वळवली : आता या माणसाच्या ठायी देवाचे कोणते कार्य प्रकट होणार आहे? आपल्या घरांतून मात्र अजूनही शिष्यांचाच प्रश्न विचारला जातो, आणि बहुधा तो सुनेला विचारला जातो.

आजाराची खरी खोच पुढे आहे. निम्म्याहून अधिक नवजात बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होतेच आणि ती आपोआप ओसरते. म्हणून ‘जाईल हळूहळू’ हा दिलासा दहांतल्या नऊ घरांत खरा ठरतो. आमच्या या बाळाच्या आजीने तिला रोज सकाळी कोवळ्या उन्हात मांडीवर घेऊन बसण्याचा नेम सोडला नव्हता. शेजारच्या कोणी माळ आणून दिली होती, तीही गळ्यात घातली होती. त्यात माया होती, निष्काळजीपणा नव्हता. पण पित्ताची वाटच बंद असेल तर ऊन काय करणार? सहा आठवडे असेच गेले. आजी मला म्हणाली, ‘‘फादर, माझ्याकडून ऊनच कमी पडलं.’’ मी म्हणालो, ‘‘आजी, तुमच्याकडून काहीही कमी पडलं नाही. तुम्हांला कोणी सांगितलं नाही, हे कमी पडलं.’’

आता शस्त्रक्रियेविषयी. १९५५ पूर्वी अशा बहुसंख्य बाळांचे पोट उघडून शल्यविशारद आत पाहत, जोडण्याजोगी नलिका सापडत नसे, आणि ते पोट पुन्हा शिवून टाकीत. त्या प्रकाराला त्यांनी दिलेले नावच ‘दुरुस्त न होणारा’ असे होते. १९५५ साली जपानमधील सेन्दाई येथील तोहोकु विद्यापीठात डॉ. मोरिओ कासाई यांनी निराळी वाट चोखाळली. बुजलेल्या नलिकांचा चोथा त्यांनी यकृताच्या मुखापर्यंत कापून काढला. त्या मुखाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म नलिकांची तोंडे उघडी असू शकतात. तेथेच आतडे नेऊन जोडले, तर पित्त झिरपत झिरपत खाली येते. १९५९ मध्ये त्यांनी हे जपानी भाषेत प्रसिद्ध केले. इंग्रजीत ते १९६८ साली आले. पाश्चात्त्य वैद्यकविश्वाने प्रथम अविश्वास दाखवला. आज जगभर हीच शस्त्रक्रिया पहिला उपचार मानली जाते आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

परंतु तिचे फळ काय? येथे आकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९ पासून या बाळांवरील उपचार लंडन, बर्मिंगहॅम आणि लीड्स या तीनच केंद्रांत एकवटण्यात आले, जेणेकरून अनुभवी हातांनीच शस्त्रक्रिया व्हावी. २००९ पर्यंतच्या त्यांच्या नोंदींनुसार शस्त्रक्रियेनंतर सुमारे ५५ टक्के बाळांची कावीळ ओसरली. दहा वर्षांनंतर स्वतःच्याच यकृतावर जगणारी मुले सुमारे ४० टक्के होती. उरलेल्यांपैकी पुष्कळांना यकृतरोपण करावे लागले, आणि दोन्ही उपचार मिळून दहांतील नऊ मुले जगली. शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी आशा अधिक. दोन महिन्यांच्या आत ती व्हावी असे सांगतात, आणि दीड महिन्याच्या आत झाली तर उत्तमच. जी मुले बरी होतात त्यांनाही पित्तमार्गाला जंतुसंसर्ग होऊन वारंवार ताप येऊ शकतो, प्लीहा वाढू शकते, आणि यकृत हळूहळू निबर होतच राहू शकते.

म्हणजे ही शस्त्रक्रिया बहुतेकांना रोगमुक्ती देत नाही, वेळ देते. कुणाला एक वर्ष, कुणाला दहा, कुणाला तीस. त्या तरुणाचा प्रश्न नेमका येथेच होता : केवळ वेळ मिळवण्यासाठी बाळाला यातना द्याव्यात काय?

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात शिकवणारे डोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी त्यावर विचार केला होता. प्राण हे देवाचे देणे असल्यामुळे ते जपणे हे कर्तव्य आहे. पण आपली सारी संपत्ती खर्चून दुर्मीळ औषध विकत घेण्यास रुग्ण बांधील नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. याच विचारातून ‘सामान्य’ आणि ‘असामान्य’ उपाय हा भेद रूढ झाला. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तो स्पष्ट केला : व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहता जे उपाय स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकीत नाहीत ते सामान्य, आणि तेवढेच बंधनकारक. ५ मे १९८० रोजी रोमने प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात हा विचार अधिक नेमका झाला. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोका, खर्च, आणि त्यापासून अपेक्षित असलेले फळ, यांची रुग्णाच्या स्थितीशी व शक्तीशी तुलना करून निर्णय घ्यावा, असे त्यात म्हटले आहे.

या शिकवणीत एक गोष्ट आहे आणि एक नाही. ‘अपेक्षित फळ’ आहे. परंतु ‘पूर्ण रोगमुक्ती’ अशी अट नाही. आपण नकळत ती अट घालतो. बरे होणार नसेल तर उपयोग काय, असे आपण म्हणतो. पण त्या मापाने मोजले तर आपल्यापैकी कुणाचाच उपचार उपयोगाचा नाही, कारण मरण कुणाचेच टळत नाही. प्रभूने लाझरसला कबरेतून बाहेर बोलावले, तो लाझरसही पुढे एक दिवस मरण पावलाच. म्हणून काय तो चमत्कार वाया गेला?

येथे मला राजा हिज्कियाची आठवण होते. यशया संदेष्ट्याने त्याला मरणाचा निरोप दिला, तेव्हा राजाने भिंतीकडे तोंड फिरवून आसवे गाळली. देवाने त्याला अमर केले नाही. पंधरा वर्षे वाढवून दिली. आणि ती देताना संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. म्हणजे प्रार्थना होती, आणि औषधही होते. सिराखच्या ग्रंथातही अडतिसाव्या अध्यायात वैद्य आणि औषधी ही देवाचीच निर्मिती असल्याचे सांगितले आहे. कासाई यांची शस्त्रक्रिया हा मला तो अंजिराचा लेप वाटतो. पंधराच वर्षे का, असे हिज्कियाने विचारल्याचे पवित्र शास्त्रात नमूद नाही.

मग त्या जोडप्याला काय सांगावे? आज मी असे सांगेन : बाळ सात आठवड्यांचे आहे. एक शस्त्रक्रिया आहे, तिची वेदना औषधाने आवरता येते, आणि पित्त वाहू लागण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. अनुभवी शल्यविशारद आवाक्यात असेल, तर ही शस्त्रक्रिया करणे हेच कर्तव्य ठरते. ती तुमच्या बाळाला तिचे बालपण मिळवून देऊ शकते, आणि बालपण ही भावी आयुष्याची नुसती पूर्वतयारी नव्हे. ते स्वतःच आयुष्य आहे. परंतु हेच बाळ पाचव्या महिन्यात, यकृत पूर्ण निबर झालेले आणि पोटात पाणी भरलेले असे आले असते, आणि डॉक्टरांनी फळाची आशा जवळजवळ नाही असे सांगितले असते, तर शस्त्रक्रिया न करणाऱ्या आईबापांना मी दोषी मानले नसते. असेही एक बाळ मी पाहिले आहे. चौदाव्या महिन्यात मी त्याला मूठमाती दिली. त्याच्या आईबापांनी त्याला कापू दिले नाही, पण एक क्षणही खाली ठेवले नाही. उपचार थांबवणे आणि प्रेम थांबवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

एक गोष्ट येथे उघडपणे लिहिली पाहिजे. त्या घरातील एक वडीलधारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘फादर, पहिलीच आहे, आणि मुलगी आहे. एवढा खर्च कशाला? देव दुसरं देईल.’’ ‘आमची ऐपत नाही’ हे नैतिक दृष्ट्या विचारात घेण्याजोगे कारण आहे. ‘ती मुलगी आहे’ हे कधीही कारण होऊ शकत नाही. असामान्य उपायांविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण दुर्बलांवरील ओझे हलके करण्यासाठी आहे, पक्षपातावर पांघरूण घालण्यासाठी नाही. आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावे : या पाळण्यात मुलगा असता, तर हाच हिशेब मी मांडला असता काय? आणि खरोखरच ऐपत नसेल, तर तो प्रश्न त्या एका घराचा राहत नाही, धर्मग्रामाचा होतो. सणाच्या रोषणाईसाठी वर्गणी गोळा करणारे आपले हात अशा वेळीही दारोदार फिरले पाहिजेत.

शस्त्रक्रियेने पुरेसे फळ दिले नाही, तर यकृतरोपण उरते. त्याचा इतिहासही याच आजाराने सुरू होतो. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मानवातील पहिले यकृतरोपण केले, ते बिलिअरी अट्रेसिया झालेल्या तीन वर्षांच्या बालकावर. ते बालक शस्त्रक्रियेच्या मेजावरच दगावले. पुढे अनेक वर्षांच्या अपयशानंतर वाट सापडली. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एका जपानी मातेच्या यकृताचा तुकडा तिच्या बाळाला लावण्यात यश आले. आपल्या देशात १९९८ मध्ये दिल्लीतील अपोलो रुग्णालयात तामिळनाडूच्या एका चिमुकल्याला त्याच्या वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला. आजार हाच होता. ते बाळ मोठे झाले आणि त्याने वैद्यकीय शिक्षण घेतले.

जिवंत माणसाने आपले अंग कापून द्यावे काय, याविषयी एके काळी आपले नीतिशास्त्रज्ञ साशंक होते. अवयव कापणे हे स्वतःच्या शरीराची विटंबना करणे आहे आणि ते केवळ स्वतःच्याच प्राणरक्षणासाठी क्षम्य ठरते, असे मानले जाई. १९४४ साली बर्ट कनिंगहॅम या अमेरिकन धर्मगुरूने आपल्या प्रबंधात असे दान प्रीतीच्या नियमात बसते, असे प्रतिपादन केले. पुढे ख्रिस्तसभेच्या विचाराने तीच दिशा घेतली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात आणि १९९५ च्या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या ‘एव्हांजेलियुम व्हीटे’ या विश्वपत्रात अवयवदानाचा गौरव आहे. मात्र धर्मशिक्षण ग्रंथाने दोन मर्यादा आखल्या आहेत : दात्याला होणारा धोका प्रमाणाबाहेर नसावा, आणि दात्याची संमती स्वच्छ असावी. यकृत पुन्हा वाढते, म्हणून दात्याचा धोका अल्प असतो. पण तो शून्य नसतो. म्हणून सासरच्या माणसांनी ‘आई आहेस, देणारच ना’ असे गृहीत धरणे हा अन्याय आहे. जे मागून, दटावून वा लाजवून घेतले जाते ते दान राहत नाही. आई नाही म्हणाली, तरी ती आईच राहते.

डॉक्टरांकडूनही मी एक धडा शिकलो. शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडचा मोठा डोस दिल्याने पित्त अधिक चांगले वाहते, अशी अनेक शल्यविशारदांची समजूत होती. अमेरिकेत १४ केंद्रांवर १४० बाळांना घेऊन ते पडताळले गेले आणि २०१४ साली निष्कर्ष जाहीर झाला : लाभ सिद्ध होत नाही. हातातील आशा खोटी आहे काय, हे तपासायला धैर्य लागते. आम्हा धर्मगुरूंनाही ते धैर्य हवे. ‘काळजी करू नका, देव सगळं ठीक करील’ असे सांगून मोकळे होणे सोपे असते. देव बरोबर राहील, एवढेच वचन आम्हांला देता येते. त्यापलीकडचे वचन देण्याचा अधिकार आम्हांला कुणी दिलेला नाही.

आणि शेवटी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट शस्त्रक्रियागृहात नाही, पाळण्यापाशी आहे. तैवानने २००४ साली देशभरात नवजात बाळाच्या आईच्या हाती एक साधे रंगीत कार्ड दिले. त्यावर विष्ठेच्या रंगांची चित्रे होती, निरोगी कोणते आणि धोक्याचे कोणते. आईने फक्त ताडून पाहायचे. या कार्डांपूर्वी तेथे हा आजार झालेल्या बाळांपैकी पाच वर्षे जगणारी सुमारे ५६ टक्के होती. कार्डांनंतर ती ८९ टक्के झाली. हे सारे एकट्या कार्डाचे श्रेय नसेल, पण कागदाच्या त्या तुकड्याने आयांचे डोळे वेळेत उघडले यात शंका नाही.

म्हणून माझ्या धर्मग्रामात स्नानसंस्काराच्या तयारीच्या वर्गात मी आता आईबापांना आणि आजीआजोबांना विनासंकोच सांगतो : बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरली नसेल तर रक्त तपासा, आणि कावीळ कोणत्या प्रकारची आहे तेही तपासायला सांगा. शी चुन्यासारखी, पिठासारखी फिकट होत असेल, किंवा दुपट्यावर लघवीचा पिवळाधमक डाग पडत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा. सुरुवातीला काही जण हसतात. वेदीवरून उतरून फादर दुपट्यांविषयी काय बोलतात, असे त्यांना वाटते. पण मिस्सेच्या प्रारंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. ‘ऑपरेशन करावे काय’ हा कठीण प्रश्न पुष्कळदा एवढा कठीण होतो, कारण ‘रंग कोणता आहे’ हा सोपा प्रश्न वेळेवर कुणी विचारलेला नसतो.

त्या मुलीची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या आठवड्यात आईने मला बोलावून घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून दुपटे दाखवले. शी पिवळी झाली होती. इतक्या कौतुकाने असली वस्तू मला कुणी कधी दाखवली नव्हती. त्यानंतर तिला तीनदा जंतुसंसर्गाने इस्पितळात राहावे लागले. तिची प्लीहा वाढलेली आहे, दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि पुढे यकृतरोपण लागेल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. यंदा ती प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात आहे.

मागच्या रविवारी मी मुलांना हिज्कियाची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर तिने हात वर केला. ‘‘फादर, पंधरा वर्षं संपली की परत मागता येतात का?’’

मी म्हणालो, ‘‘मागता येतात, बाळ. किती द्यायची ते देव ठरवतो. मागायला तो कधीच नाही म्हणत नाही.’’

तिने मान डोलावली आणि शेजारच्या मुलीशी काहीतरी कुजबुजून ती हसली. वर्ग सुटल्यावर आजी तिला न्यायला फाटकाशी उभी होती. सकाळचे ऊन होते. तिचा हात धरून त्या दोघी घराकडे चालू लागल्या.